सोरनच्या बेटावरचा पहारा

२ सप्टेंबर, मंगळवार

कौन्सिलचं पत्र आलं. तीन पानं, शुद्धलेखनाच्या सहा चुका. तळ्यातल्या बेटावरची दफनभूमी ३० सप्टेंबरनंतर बंद. मठाचे अवशेष 'जतन' करायचे आहेत. ज्या घराण्यांना तिथे पुरण्याचा पिढीजात हक्क आहे, त्यांतल्या हयात माणसांनी सोबतचा फॉर्म भरून नाव नोंदवावं. ज्याचं नाव नोंदलेलं असेल त्याला पुढेमागे जागा मिळेल. नसेल त्याला नाही.

नकाशाही जोडलाय. पुरुषांचं चर्च — 'मुख्य वास्तू'. बायकांचं — 'दुय्यम बांधकाम'. लाल पेनने खोडून वर 'बायकांचं चर्च' असं लिहिलं. उद्या परत पाठवीन.

फॉर्म शेगडीत टाकणार होते. शेगडी विझलेली. टेबलावरच राहिला.

३ सप्टेंबर

पॅकी गिलरॉय येऊन गेला. दोन ट्राउट, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. बेटावर जाणारी होडी आता त्याच्या एकट्याकडेच आहे. साठी उलटली, तरी माझ्या दारात टोपी काढून उभा राहतो — मी अजून पाढे विचारणार असल्यासारखा.

"बाई, फॉर्म भरलात?"

"नाही."

"मी भरला. काकाला सोडवायला नको? अठ्ठ्याऐंशी सालापासून पुरुषांच्या फाटकात उभा आहे बिचारा. जिवंतपणी बार उघडायची वाट बघणं सोडलं तर कधी पाच मिनिटं उभा राहिला नव्हता."

"मूर्खपणा आहे, पॅकी."

"आहेच की. पण फॉर्म फुकट आहे."

जाताना पायरीवर थांबला. "बायकांच्या बाजूला दोनच नावं उरलीत म्हणे. तुम्ही आणि विनी टार्पी." मग तळ्याकडे बघत, "डिलियाला बावन्न वर्षं होतील ना, बाई?"

मी म्हटलं, मासे साफ करून आणायला काय झालं होतं.

५ सप्टेंबर

कौन्सिलच्या कचेरीतून एका मुलीचा फोन. बेटावर माहितीफलक लावायचा आहे, 'काही दंतकथा' सांगाल का? आवाज गोड, वाक्य एकही धड नाही. मला काही माहीत नाही असं सांगून फोन ठेवला.

खोटं बोलले. म्हणून इथे लिहून टाकते.

सोरन नावाच्या साधूने बेटावर मठ बांधला. बाईचं तोंड बघायचं नाही असा त्याचा नेम. एक दिवस त्याची बहीण होडीने आली. (साधूला नाव आहे, त्याच्या गाढवालाही आहे. बहिणीला नाही.) त्याने तिला उतरू दिलं नाही. ती गुडघाभर पाण्यात तीन दिवस उभी राहिली. चौथ्या दिवशी त्याने तिला बेटाचं दुसरं टोक दिलं — तिच्या घंटेचा आवाज आपल्या कानी पडता कामा नये या अटीवर. तेव्हापासून पुरुष या टोकाला, बायका त्या टोकाला. नवराबायकोसुद्धा. बाईला चुकून पुरुषांत पुरलं, तर सकाळी ती आपली आपण दुसरीकडे गेलेली असते म्हणतात. माझे वडील या टोकाला आहेत.

आणि पहारा. जे शेवटचं पुरलं गेलं, त्याने फाटकात उभं राहायचं आणि तळ्याचं पाणी आणून आधीच्या सगळ्यांना पाजायचं. मेलेल्यांना तहान लागते म्हणे. पुढचं प्रेत आलं की सुटका. पुरुषाला पुरुष सोडवतो, बाईला बाई. पूर्वी एकाच दिवशी दोन प्रेतयात्रा निघाल्या की होड्यांची शर्यत लागे — आपलं माणूस आधी आत गेलं म्हणजे पहारा दुसऱ्याच्या गळ्यात. आजोबांच्या वेळी अशाच शर्यतीत वल्ह्यांनी मारामारी झाली आणि फादरचा पुढचा दात पडला.

कॉलेजात या विषयावर मी निबंध लिहिला होता. 'ग्रामीण अंधश्रद्धेचे अवशेष'. वर्गात पहिली आले. तो निबंध दिला मार्चमध्ये. नोव्हेंबरात डिलिया गेली. माझी धाकटी बहीण. अपेंडिक्स फुटलं, हॉस्पिटलच्या वाटेवरच. वीस वर्षांची.

बायकांच्या टोकाला तिच्यानंतर कोणी आलेलं नाही.

८ सप्टेंबर

पाऊस. दोन दिवसांत कोणाशी बोलले नाही. मांजर असतं तर निदान त्याला रागावता आलं असतं.

१० सप्टेंबर

बेटावर गेले. अकरा वर्षांनी. 'नकाशा तपासायचा आहे' असं पॅकीला सांगितलं. तो 'हो बाई' म्हणाला आणि माझ्यासाठी होडीत उशी ठेवली. मी उशी बाजूला सारली. परतताना घेतली.

पुरुषांचं टोक कौन्सिलने साफ केलंय. गवत कापलेलं, पडक्या भिंतीला लोखंडी टेकू, गोल मनोऱ्याच्या बुंध्याभोवती दोर. बायकांच्या टोकाला कोणी फिरकलेलं नाही. काटेरी झुडपं छातीपर्यंत. पॅकी विळा घेऊन पुढे, मी काठीने मागे. चर्चची एक भिंत आणि एक खिडकी उरलीय, हात जेमतेम जाईल एवढी. सोरनच्या बहिणीने ती मुद्दाम पलीकडच्या काठाकडे ठेवली, भावाच्या मठाकडे नाही. शहाणी होती.

फाटक म्हणजे दोन उभे दगड. त्यांच्यामध्ये गवत नव्हतं. माती उघडी, दाबलेली, पाण्याकडे जाणारी एक बारीक वाट.

"मेंढ्या," मी म्हटलं.

"बेटावर मेंढ्या नाहीत, बाई. नव्वद साली काढल्या."

"मग पाणमांजरं."

"असतील." टोपी हातात घेतली त्याने. मग दगडांकडे बघून, अगदी रोजच्या आवाजात, "काय डिलिया, बरी आहेस ना? बाईंना आणलंय बघ."

मी त्याला रागावले नाही. का, ते कळत नाही. शाळेत याहून कमी गोष्टीसाठी मी त्याला भिंतीकडे तोंड करून उभा केला होता.

लहानपणी घरात विहिरीचं पाणी आणायची पाळी असायची. एक दिवस माझी, एक दिवस तिची. मी परीक्षेचं निमित्त सांगायचे. माझ्या परीक्षा वर्षभर चालत. ती बादली उचलायची आणि दारातून ओरडायची, "कन्सी, तू प्रोफेसर झालीस की माझं पाणी भरायला गडी ठेव."

१३ सप्टेंबर, शनिवार

विनी टार्पीला भेटायला गावातल्या वृद्धाश्रमात गेले. चौऱ्याऐंशीची आहे. आम्ही लहान असताना शेजारचं दार तिचं. आई बाजारात गेली की आम्हाला तीच सांभाळायची. डिलियाला शेवटची आंघोळ तिने घातली, केस तिने विंचरले. मी तेव्हा गॉलवेहून येणाऱ्या बसमध्ये होते.

हाडं उरलीत फक्त. जीभ शाबूत. आश्रमातल्या जेवणाला नावं ठेवून झाली. ("कोबी असा शिजवतात, कन्सी, की दात नसलेल्यालाही दया यावी.") मग मी मुद्द्यावर आले. फॉर्म भरला का?

"नाही भरला. ऊनाला सांगून ठेवलंय, मला जाळायचं आणि राख लीड्सला न्यायची. तिच्या बागेत." ऊना तिची मुलगी. तिलाही मीच शिकवलं. "राखेला पहारा देता येत नाही. मी विचार करून ठेवलाय."

"तू या गोष्टी मानतेस?"

"मानते म्हणूनच जळणार आहे. आयुष्यभर पाणीच भरलं मी. सासूचं, नवऱ्याचं, अकरा गाईंचं. मेल्यावर अख्ख्या बेटाचं भरू? आणि माझ्यानंतर कोण? तू?"

"मी."

"तू मानतच नाहीस."

"मी शब्द देते. लेखी देते हवं तर. तू गेलीस की डिलिया सुटेल. मी गेले की तू."

विनी हसली. हसता हसता खोकली, मी पाणी दिलं. प्यायली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तुझा शब्द, कन्सी? तुझ्या शब्दावरच तुझ्या आईने डोळे मिटले होते. ती जायला तयार होती. पाऊल उचलूनच बसली होती. तू तिला नेलंस कुठे?"

परतीच्या बसमध्ये ओळखीचं कोणी नव्हतं. बरं झालं.

१४ सप्टेंबर

चर्चला गेले नाही. बावीस सालच्या तापानंतर पहिल्यांदाच चुकलं.

लिहिते. कधीच लिहिलं नव्हतं.

जानेवारी १९९४. आई हॉस्पिटलात. तिने माझं मनगट धरलं, हाताला ताकद होती अजून. म्हणाली, "मला बेटावर ने. पोरगी वीस वर्षं उभी आहे. थंडीत. तिला कोट पण नाही." मी म्हटलं, हो. "नक्की?" नक्की, आई. दुसऱ्या दिवशी गेली.

वारा होता, हे खरं. तळं खवळलेलं, हेही खरं. फादर म्हणाले, दोन दिवस थांबू, शांत होईल. मी म्हटलं, सोमवारी शाळा सुरू होते. गावाबाहेरच्या नव्या दफनभूमीत पुरलं तिला. सरळ रांगा, खडी, नळ. शाळेतले सहकारी आले होते, शाळा-तपासनीस आले होते. त्यांच्यापुढे मला आईला होडीत घालून पहाऱ्यावर न्यायचं नव्हतं. मी मुख्याध्यापिका होते. शिकलेली होते.

वारा दुसऱ्याच दिवशी पडला. शाळेच्या खिडकीतून तळं दिसत होतं, आरशासारखं. तिसरीचा भूगोल घेतला मी त्या तासाला.

म्हणजे वडील बेटाच्या एका टोकाला, डिलिया दुसऱ्या टोकाला, आणि आई खडीत, एकटी. शेजारची जागा माझ्यासाठी राखलेली.

मी मानत नाही. तेव्हाही नव्हते, आजही नाही. पण तिने विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

१७ सप्टेंबर

डॉक्टरकडे वार्षिक तपासणी. पोरगेलासा आहे, हसतो फार. "हृदय घड्याळासारखं चाललंय, मिस फीनी. नव्वदी आरामात." अभिनंदन केल्यासारखं बोलला.

पंधरा वर्षं. आल्यावर पंधरात बावन्न मिळवले. कागदाची गरज नव्हती, तरी कागदावर.

१८ सप्टेंबर

लेखी शब्द तयार केला. चार ओळी, खाली सही. साक्षीदार म्हणून पॅकीची सही घेतली. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"म्हणजे विनी डिलियाला सोडवणार, तुम्ही विनीला. आणि तुम्हाला, बाई?"

"मला कोणी नको."

"तसं नसतं ते."

"सही कर."

केली. अक्षर अजून तसंच, तारेवर बसलेल्या कावळ्यांसारखं.

२० सप्टेंबर

कागद घेऊन गेले. विनी झोपलेली. नर्स म्हणाली, कालपासून जागी नाही, मुलीला कळवलंय. तासभर बसले. तिच्या हाताखाली कागद सरकवून ठेवला, मग काढून घेतला. बेशुद्ध बाईच्या हाताखाली कागद सरकवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि मला ती कधी आवडली नाहीत.

निघताना तिने डोळे उघडले. मला वाटतं ओळखलं.

"कन्सी, रागावलीस?"

"नाही."

"मला थंडी सोसत नाही गं."

"माहीत आहे. झोप."

२१ सप्टेंबर

पहाटे विनी गेली. ऊनाने विमानतळावरून फोन केला.

२४ सप्टेंबर

कॅव्हनच्या दाहगृहात सगळं मिळून वीस मिनिटं. आम्ही नऊजण. नंतर हॉटेलात सँडविच आणि चहा. ऊना माझ्याजवळ येऊन बसली. साठीची बाई, केस रंगवलेले, डोळे सुजलेले.

"बाई, आई म्हणायची तुम्ही तिला बेटावर न्यायला आला होतात. तुम्हाला वाईट नाही ना वाटलं? तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं. काहीही झालं, कोणी काहीही म्हटलं, तरी बागेतच."

"मग तू बरोबर केलंस," मी म्हटलं.

"तिकडे लोक हसतील म्हणा. माझा मुलगाच हसला. म्हणाला, आजी गुलाबांत?"

"हसू दे."

ती रडायला लागली. मी तिला रुमाल दिला आणि खिडकीबाहेर बघत बसले. चौथीत नापास होता होता राहिलेली मुलगी. तिला हे जमलं.

२६ सप्टेंबर

फॉर्म भरला. कन्सेप्टा मेरी फीनी, वय पंचाहत्तर, अविवाहित. 'हक्काचा आधार' — बहीण आणि आजी तिथे पुरलेल्या. टपालात टाकून आले. परतताना कुंपणाशी पॅकी दिसला. त्याला सांगितलं.

"छान झालं, बाई." मग थोड्या वेळाने, "पण डॉक्टर नव्वद म्हणाला ना?"

साऱ्या गावाला माझं हृदय ठाऊक आहे.

संध्याकाळी खिडकीशी चहा घेतला. बेटावर ऊन होतं, इकडे नव्हतं. बायकांचं टोक इथून दिसत नाही. इतकी वर्षं मला ती सोयच वाटली होती.

२८ सप्टेंबर, रविवार

चर्चनंतर आईच्या थडग्याशी गेले. कोणीतरी प्लास्टिकची फुलं चुकून तिच्यावर ठेवली होती. उचलून शेजारच्यांच्यावर ठेवली, त्यांचीच असतील.

तिला सांगितलं, मी बेटावर नाव नोंदवलंय. म्हणजे इथली जागा रिकामीच राहणार. आवाज मोठा निघाला असावा, पलीकडच्या रांगेतला माणूस वळून बघू लागला. तिथे उभी असताना लक्षात आलं — मी पुन्हा तेच केलं. डिलियाला पंधरा वर्षांनी सोडवीन, आणि आईला कायमची खडीत एकटी ठेवीन. दोघींपैकी एकीचंही मी ऐकलेलं नाही. स्वतःला सोयीचं होतं ते केलं, आणि त्याला कर्तव्य म्हटलं.

विनी काय म्हणाली होती? ती जायला तयार होती.

खडीवर बराच वेळ उभी राहिले. पाय बधिर झाले. तो माणूस जवळ येऊन विचारून गेला, बाई, बरं वाटतंय ना?

बरं वाटतंय, म्हटलं.

२९ सप्टेंबर

सकाळी नऊला कौन्सिलला फोन. तीच गोड आवाजाची मुलगी. मी प्रश्न विचारला. ती म्हणाली, विचारून सांगते. तासाभराने तिचाच फोन — तरतूद आहे, मॅडम. कायद्यात आहे. परवाना लागतो, आरोग्य अधिकारी हजर लागतो, पहाटे करावं लागतं. फॉर्म दुसरा आहे. उद्या पाचच्या आत पोहोचला तर याच यादीत घेऊ.

मी म्हटलं, आजच येते घ्यायला.

ती म्हणाली, "मॅडम, आमच्या नकाशात तुम्ही केलेली दुरुस्ती लावलीय."

फलकासाठी तिला साधूच्या बहिणीची गोष्ट सांगितली. पाण्यातल्या तीन दिवसांसकट.

मग पॅकीकडे गेले. तो जाळं दुरुस्त करत होता. होडीत शवपेटी अजून मावते का, विचारलं. तो चपापून माझ्याकडे बघायला लागला.

"माझी नाही," मी म्हटलं.

त्याला समजायला थोडा वेळ लागला. शाळेतही लागायचा. मग त्याने सुई खाली ठेवली. "वारा असला तर थांबावं लागेल, बाई."

"थांबू. हवे तितके दिवस."

३० सप्टेंबर

चार वाजून दहा मिनिटांनी दुसरा फॉर्म कौन्सिलच्या खिडकीत दिला. मृताचं नाव: होनोरा फीनी. सध्याची जागा: गावाबाहेरची दफनभूमी, ओळ सात. नवी जागा: सोरनचं बेट, बायकांचं टोक. शेवटी एक रकाना होता — स्थलांतराचं कारण, पन्नास शब्दांत.

मी तीन लिहिले. तिने सांगितलं होतं.